तंत्रज्ञानाच्या मदतीने तरुणांचा नागरी सहभाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, पालक, शिक्षक आणि प्रशासनातील अधिकारी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे लिहिताना एक पथ्य पाळले आहे. जे आमच्याकडून होत नाही तेही स्पष्ट सांगितले आहे, कारण भलत्या अपेक्षा घेऊन आलेला तरुण एकदा निराश झाला की सार्वजनिक कामाकडे सहसा पुन्हा फिरकत नाही.

ही संस्था नेमके काय करते?

आम्ही ना-नफा तत्त्वावर चालणारी संस्था आहोत. आपल्या भागातील सार्वजनिक प्रश्न ओळखणे, त्याची पुराव्यासह मांडणी करणे, तो योग्य कार्यालयापर्यंत पोहोचवणे आणि त्याचे उत्तर मिळवणे, या चारही टप्प्यांवर तरुणांना साहाय्य करणे हे आमचे काम आहे. त्यासाठी आम्ही एक ॲप आणि संकेतस्थळ चालवतो, साध्या फोनवरून लघुसंदेश पाठवण्याची सोय ठेवतो आणि नियमितपणे प्रत्यक्ष बैठका घेतो.

यांपैकी चौथा टप्पा सर्वांत अवघड आहे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचाही आहे. तक्रार नोंदवण्याची साधने आज भरपूर आहेत; नोंदवलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले हे कळवणारी साधने फार थोडी आहेत. आपण लिहिलेले कोणीतरी वाचले, त्यावर विचार केला आणि कारणांसह उत्तर दिले, हा अनुभव पंधराव्या-सोळाव्या वर्षी एकदा जरी आला, तरी ती व्यक्ती पुढच्या वेळी कोणी न सांगता लिहिते. हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की आमच्या साधनांची सगळी रचना आम्ही या उत्तराच्या भोवती केली आहे.

नागरी सहभाग म्हणजे मतदानच ना?

मतदान हा नागरी सहभागाचा कणा आहे, यात शंका नाही. परंतु दोन निवडणुकांच्या मधला काळ मोठा असतो आणि रस्ता कोठून जाईल, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे राहील, बसच्या फेऱ्या कमी होतील की वाढतील, हे निर्णय बहुतेक त्या मधल्या काळातच होतात. अंदाजपत्रकावर सूचना पाठवणे, जाहीर सुनावणीला हजर राहणे, विकास आराखड्यावर हरकत नोंदवणे, कार्यालयाकडून माहिती मागवणे, निवेदन देणे आणि त्याचा पाठपुरावा करणे, हे सारे नागरी सहभागातच येते.

शिवाय मतदानाचे वय ही कायमची ठरलेली रेषा नाही. अमेरिकेत १९७१ मध्ये २६व्या घटनादुरुस्तीने ते २१ वरून १८ वर आले आणि भारतात ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून हाच बदल झाला. ब्राझीलने १९८८ च्या संविधानात १६ आणि १७ वर्षांच्या मुलांना ऐच्छिक मतदानाचा हक्क दिला, ऑस्ट्रियाने २००७ मध्ये मतदानाचे वय १६ केले आणि स्कॉटलंडमधील २०१४ च्या सार्वमतात १६ व १७ वर्षांच्या तरुणांनीही मतदान केले. या वयाखालच्या मुलांना काहीच म्हणता येत नाही, असेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील १२वे कलम सांगते की स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्याशी संबंधित सर्व बाबींत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे आणि मुलाचे वय व समज पाहून त्या मताला योग्य ते महत्त्व दिले गेले पाहिजे.

मतदार नोंदणीच्या बाबतीत आम्ही मुदतीची आठवण करून देतो आणि कोणती कागदपत्रे लागतील ते समजावून सांगतो. अर्ज मात्र प्रत्येकाने निवडणूक यंत्रणेच्या अधिकृत मार्गानेच भरायचा असतो. आम्ही तो स्वीकारत नाही आणि कोणाच्या वतीने भरतही नाही.

तुम्ही ‘तरुण’ कोणाला म्हणता?

याची एकच व्याख्या नाही. संयुक्त राष्ट्रे आकडेवारीसाठी १५ ते २४ हा वयोगट धरतात, तर युवक, शांतता आणि सुरक्षा या विषयावरील सुरक्षा परिषदेच्या २०१५ च्या २२५० क्रमांकाच्या ठरावात १८ ते २९ हा वयोगट धरला आहे. आम्ही १३ पासून २९ पर्यंतच्या सर्वांना सामावून घेतो. १८ वर्षांखालील सदस्यांसाठी पालकांची संमती घेतली जाते.

या कामाला तंत्रज्ञान कशाला हवे? अर्ज लिहून कार्यालयात दिला तर पुरत नाही का?

पुष्कळदा पुरतो. एका व्यक्तीचा एक प्रश्न असेल आणि कार्यालय कोणते हे माहीत असेल, तर लेखी अर्ज द्यावा आणि पोचपावती घ्यावी, असेच आम्ही सांगतो. अडचण त्याच्या अलीकडे असते. कोणत्या रस्त्याची जबाबदारी कोणत्या खात्याकडे आहे, हे मोठ्या माणसांनाही माहीत नसते, आणि पहिल्याच खिडकीवर ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे ऐकलेला मुलगा दुसऱ्या खिडकीकडे जात नाही. ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘फिक्समायस्ट्रीट’ या सेवेने हीच गाठ सोडवली. नागरिकाने नकाशावर खड्ड्याची किंवा बंद दिव्याची जागा दाखवायची आणि ती तक्रार कोणत्या स्थानिक प्रशासनाकडे जायला हवी हे यंत्रणेने शोधायचे. तक्रार सर्वांना दिसेल अशी प्रसिद्ध होत असल्यामुळे तीच तक्रार दहा जणांनी वेगवेगळी करण्याचे कारण उरले नाही.

दुसरा उपयोग आहे तो विखुरलेल्या अनुभवांना एकत्र आणण्याचा. केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, तेव्हा २००८ च्या सुरुवातीला काही तंत्रज्ञ आणि लेखक यांनी ‘उशाहिदी’ हे व्यासपीठ उभे केले. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ ‘साक्ष’ असा होतो. लोकांनी फोनवरून आणि संकेतस्थळावरून पाठवलेल्या घटना नकाशावर दिसू लागल्या आणि एरवी अफवा म्हणून सोडून दिल्या गेल्या असत्या अशा गोष्टींना ठिकाण व वेळ मिळाली. युगांडात २०११ पासून युनिसेफने ‘यू-रिपोर्ट’ चालवले, ज्यात तरुणांना साध्या लघुसंदेशातून प्रश्न विचारले जातात आणि तेही विनामूल्य उत्तर देतात. या दोन्ही ठिकाणी तंत्रज्ञान तसे साधेच होते. त्यांची ताकद होती ती योग्य लोकांपर्यंत योग्य वेळी पोहोचण्यात, आणि आम्हीही साधन निवडताना आधी तेवढेच पाहतो.

एखादी सूचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी जाते?

एका उदाहरणावरून सांगणे सोपे जाईल. शाळेच्या शेवटच्या वर्षातील पाच मुलींच्या एका गटाला असे जाणवले की त्यांच्या रोजच्या चौकातील पादचारी सिग्नल फार लवकर लाल होतो. ‘फार लवकर’ हे शब्द अर्जात चालत नाहीत, म्हणून त्या एका शनिवारी मोजपट्टी घेऊन तेथे गेल्या. रस्त्याची रुंदी भरली १४ मीटर आणि हिरवा दिवा राहिला १२ सेकंद. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे पुष्कळ ठिकाणी धरले जाते, आणि त्या हिशेबाने १४ मीटरला १२ सेकंद बरोबर पुरतात. म्हणजे कागदावर काहीच चूक नव्हती.

मग त्यांच्यातील एकीने फोनवर वेळ लावून रस्ता ओलांडणाऱ्यांची नोंद करायला सुरुवात केली. काठी घेतलेले एक आजोबा दिवा हिरवा होताच निघाले आणि दिवा लाल झाला तेव्हा दुभाजकाशीही पूर्ण पोहोचले नव्हते. त्यांनी एक हात वर करून उरलेला रस्ता पार केला. त्यांना लागलेली वेळ तिने लिहिली, २१ सेकंद. तासाभरात त्यांच्या वहीत ज्येष्ठ नागरिक, लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या स्त्रिया आणि सामान वाहणारे लोक यांच्या अशा बऱ्याच नोंदी जमल्या.

येथे आमच्याच ॲपने त्यांना अडवले. तक्रारीच्या यादीत ‘सिग्नल बंद आहे’ हा प्रकार होता, पण ‘सिग्नलची वेळ अपुरी आहे’ हा प्रकार नव्हता. त्यांनी ती ‘इतर’ या सदरात टाकली आणि ती तेथेच बरेच दिवस पडून राहिली, कारण ‘इतर’मधील नोंदी कोणत्या खात्याकडे पाठवायच्या याचा नियम आम्ही केलेलाच नव्हता. चूक आमची होती. तेव्हापासून ‘इतर’मधील प्रत्येक नोंद आमचा एक कार्यकर्ता स्वतः वाचतो आणि ती योग्य खात्याकडे पाठवतो. एखाद्या प्रकारच्या नोंदी वारंवार येऊ लागल्या, तर तो प्रकार यादीत घातला जातो.

त्यानंतर तक्रार वाहतूक खात्याकडे गेली आणि उत्तर आले. वेळ वाढवली तर आडव्या रस्त्यावर वाहनांची रांग वाढेल, तेव्हा ज्येष्ठ नागरिकांची ये-जा कोणत्या तासांत जास्त असते हे कळवावे, असे त्या दोन परिच्छेदांच्या पत्रात म्हटले होते. मोठ्या माणसांना हे पत्र टाळाटाळीचे वाटले असते. त्या मुलींना ते तसे वाटले नाही. आपल्याला कोणीतरी काम सांगितले आहे, असे त्यांनी ते वाचले आणि पुढच्या आठवड्यात सकाळ व संध्याकाळ अशी मोजणी करून पाठवली. सकाळच्या दोन तासांपुरती सिग्नलची वेळ वाढली. दिवसभरासाठी ती अजून वाढलेली नाही, आणि ती नोंद आमच्याकडे ‘अंशतः निकाली’ अशीच दिसते.

उत्तर आलेच नाही तर?

हे पुष्कळदा घडते. प्रत्येक नोंदीला आमच्याकडे एक मुदत असते आणि ती उलटली की स्मरणपत्र जाते. दुसऱ्या स्मरणपत्रानंतरही उत्तर आले नाही, तर ‘उत्तर नाही’ अशी नोंद सर्वांना दिसेल अशी राहते. ती आम्ही पुसत नाही. यात कोणाचीही बदनामी करण्याचा हेतू नाही. शांततेचीही नोंद असावी, एवढाच आहे.

यापुढचा मार्ग कायदा देतो. शासकीय कागदपत्रे पाहण्याचा हक्क स्वीडनने १७६६ मध्येच कायद्याने दिला होता. भारताच्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार सामान्यतः ३० दिवसांत, तर ब्रिटनच्या कायद्यानुसार २० कार्यालयीन दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. काही देशांनी याच्याही पुढे जाऊन नागरिकांच्या प्रस्तावाला दखलीची हमी दिली आहे. फिनलंडमध्ये २०१२ पासून सहा महिन्यांत ५०,००० मतदारांच्या सह्या मिळालेला प्रस्ताव संसदेपुढे जातो. तैवानच्या शासकीय ‘जॉइन’ व्यासपीठावर ६० दिवसांत ५,००० जणांचा पाठिंबा मिळालेल्या प्रस्तावाला संबंधित खात्याने उत्तर द्यायचे असते, आणि तेथे मतदानाचे वय न झालेल्या विद्यार्थ्यांचे प्रस्तावही या टप्प्यापर्यंत पोहोचले आहेत.

तुमच्या देशात कोणती तरतूद लागू आहे, अर्जाचा नमुना कोणता आणि अपील कोठे करायचे, हे आमचे मार्गदर्शक समजावून सांगतात. माहिती मागवताना प्रश्न नेमका असावा, एवढी एक सूचना येथेच देतो. ‘रस्त्यांवर खर्च का होत नाही’ या प्रश्नाला कोणतेही कार्यालय कागद दाखवून उत्तर देऊ शकत नाही. ‘या रस्त्याच्या दुरुस्तीसाठी या वर्षी किती रक्कम मंजूर झाली आणि त्यापैकी किती खर्च झाली’ या प्रश्नाला ते देऊ शकते.

मी समाजमाध्यमांवर लिहितोच. मग येथे वेगळे काय आहे?

समाजमाध्यमांवर लिहिणे उपयोगी ठरू शकते आणि आम्ही त्याला कमी लेखत नाही. परंतु तेथील मजकूर कोणापुढे जाईल हे त्यावरील प्रतिक्रियांच्या जोरावर ठरते, आणि जास्तीत जास्त प्रतिक्रिया सहसा भांडणाला मिळतात. सार्वजनिक प्रश्नाला मात्र आधी हे कळून घ्यावे लागते की लोकांचे एकमत कोठे आहे आणि खरा मतभेद कोठे आहे.

या बाबतीत ‘पोलिस’ नावाच्या, मुक्त स्रोत असलेल्या (म्हणजे ज्याची संगणकीय संहिता कोणालाही पाहता व वापरता येते अशा) साधनाची रचना अभ्यासण्यासारखी आहे (पोलीस खात्याशी त्याचा काही संबंध नाही). त्यात प्रत्येकाने एकेक छोटे विधान मांडायचे आणि इतरांच्या विधानांना सहमत, असहमत किंवा पुढे जा असे उत्तर द्यायचे. कोणाच्याही विधानाला प्रत्युत्तर देण्याची सोयच त्यात नाही, त्यामुळे वादाला वाद चिकटत नाही. सारख्या पद्धतीने मते देणाऱ्यांचे गट यंत्रणा आपोआप दाखवते आणि परस्परविरोधी गटांनाही मान्य असलेली विधाने वेगळी काढून देते. तैवानमध्ये २०१५ साली उबरसारख्या सेवांचे नियम कसे असावेत, यावर ‘व्ही-तैवान’ या नागरिकांशी सल्लामसलत करण्याच्या प्रक्रियेत याच साधनाने चर्चा झाली होती. आमच्या चर्चांमध्येही प्रत्युत्तराचे बटण नाही. पहिल्या दिवशी सर्वांना ते चुकल्यासारखे वाटते.

तुमचा कोणत्या पक्षाशी संबंध आहे का?

नाही. आम्ही कोणत्याही पक्षाकडून किंवा उमेदवाराकडून देणगी घेत नाही, कोणाच्या प्रचाराला व्यासपीठ देत नाही आणि आमच्या सदस्यांची यादी कोणालाही देत नाही. सदस्यांना स्वतःचे राजकीय मत असू शकते आणि असावेही. आमच्या बैठकीत त्यांनी ते मांडावे, परंतु संस्थेच्या नावाने मांडू नये. लोकप्रतिनिधींबरोबर संवाद ठेवताना त्या भागातील सर्व प्रमुख पक्षांना सारखेच निमंत्रण जाते आणि कोण आले, कोण आले नाही, हे प्रसिद्ध केले जाते.

माझ्याकडे स्मार्टफोन नाही किंवा इंटरनेट नीट चालत नाही. मी सहभागी होऊ शकेन का?

नक्कीच, आणि तुमच्यासारख्यांचा विचार आम्ही सर्वांत आधी करतो, कारण ज्यांच्यापर्यंत रस्ता आणि पाणी उशिरा पोहोचते त्यांच्यापर्यंत इंटरनेटही उशिराच पोहोचते. केवळ ॲपवर विसंबलेला सहभाग हा मुळातच सुस्थितीत असलेल्यांचा आवाज मोठा करतो, आणि ही तंत्रज्ञानाच्या वापरातील सर्वांत गंभीर त्रुटी आहे असे आम्ही मानतो.

साध्या फोनवरून लघुसंदेशाने नोंद करता येते. येथे एक तांत्रिक बारकावा आहे, जो आम्हाला सुरुवातीला महागात पडला. रोमन लिपीत एका लघुसंदेशात १६० अक्षरचिन्हे मावतात, पण देवनागरी, अरबी किंवा चिनी लिपीत ७०च मावतात, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी हे सारे वेगळे मोजले जाते. त्यामुळे आपल्या भाषेत लिहिणाऱ्याचा संदेश तुकड्यांत विभागला जातो आणि त्याचा खर्च वाढतो. हा खर्च आता संस्था उचलते. कोणावरही केवळ या कारणासाठी परकी लिपी वापरण्याची वेळ येऊ नये, असा आमचा आग्रह आहे.

कागदी अर्जही चालतात. स्वयंसेवक ते यंत्रणेत चढवतात आणि उत्तर आले की फोनवर वाचून दाखवतात. दृष्टिहीन सदस्यांसाठी संकेतस्थळ स्क्रीन रीडरवर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर) तपासलेले आहे आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत आंतरराष्ट्रीय निकषानुसार किमान ४.५ : १ ठेवली आहे. प्रत्येक ध्वनिचित्रफितीला लिखित संहिता जोडलेली असते.

माझ्या माहितीचे तुम्ही काय करता?

नोंदणीसाठी आम्ही नाव किंवा टोपणनाव, वयोगट, भाग आणि संपर्काचे एक साधन एवढेच विचारतो. धर्म, जात, वंश, पक्ष, उत्पन्न यांपैकी काहीही विचारत नाही. जी माहिती गोळाच केली नाही ती चोरीला जाऊ शकत नाही, हा आमचा पहिला संरक्षक उपाय आहे.

अल्पवयीनांच्या बाबतीत कायदे कडक आहेत आणि ते तसेच असावेत. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार १३ वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन घेण्यासाठी पालकांची संमती लागते. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीत ही वयोमर्यादा १६ आहे आणि सदस्य देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. भारताच्या २०२३ च्या कायद्याने तर १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. सर्वत्र एकच पद्धत ठेवता यावी म्हणून आम्ही यांतील सर्वांत कडक नियम सर्वांना लावतो.

छायाचित्रांबद्दल विशेष सावध राहावे. फोनने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कोठे आणि केव्हा काढले याची नोंद दडलेली असू शकते. खड्ड्याचे छायाचित्र घराच्या खिडकीतून काढले असेल, तर ते घराचा पत्ता सांगून जाईल. म्हणून छायाचित्र आमच्याकडे येताच ही दडलेली नोंद काढून टाकली जाते आणि खड्ड्याची जागा सदस्याने नकाशावर स्वतः दाखवायची असते. छायाचित्रात माणसांचे चेहरे किंवा वाहनांचे क्रमांक दिसत असतील, तर ते धूसर केल्याशिवाय प्रसिद्ध होत नाहीत.

तुमचे खाते तुम्ही केव्हाही बंद करू शकता. नाव व संपर्क पुसला जातो, तक्रार मात्र निनावी स्वरूपात राहते, कारण ती सार्वजनिक प्रश्नाची नोंद असते.

पालक म्हणून मला काळजी वाटते. यातून माझ्या मुलाला काही त्रास तर होणार नाही?

ही काळजी योग्य आहे. म्हणूनच अल्पवयीन सदस्याचे नाव कोणत्याही तक्रारीवर किंवा पत्रावर जात नाही. पत्रव्यवहार संस्थेच्या नावाने होतो. प्रत्यक्ष पाहणीला कोणीही एकटे जात नाही, किमान तिघे आणि सोबत एक प्रौढ मार्गदर्शक असतो. सदस्य आणि मार्गदर्शक यांच्यात खासगी संदेशांची सोय आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही. जमिनीचे वाद, गुन्हे किंवा कोणा एका व्यक्तीविरुद्धचे आरोप असे विषय अल्पवयीनांच्या गटाकडे दिले जात नाहीत. तशी माहिती कोणी आणली, तर ती आमचे प्रौढ कार्यकर्ते हाताळतात. बैठका परीक्षांच्या काळात बंद असतात.

तरुणांचे मत खरोखर विचारात घेतले जाते, की केवळ शोभेपुरते?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की दोन्ही घडते, आणि त्यांतला फरक ओळखायला शिकणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी शेरी अर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये मांडली आणि रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची तशीच शिडी तयार केली. हार्ट यांच्या शिडीच्या तळच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांचा स्वार्थासाठी वापर, त्यांना सजावटीसारखे मांडणे आणि नावापुरते स्थान देणे. या तिन्हींना त्यांनी सहभाग मानलेच नाही. व्यासपीठावर बसवलेल्या, पण विषयपत्रिका आधी न मिळालेल्या युवा प्रतिनिधीला आपण कोणत्या पायरीवर आहोत हे या शिडीवरून चटकन कळते.

वरच्या पायऱ्यांची उदाहरणेही आहेत. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ मध्ये लोकसहभागातून अंदाजपत्रक करायला सुरुवात केली आणि ती पद्धत पुढे जगभर पसरली. अमेरिकेतील बॉस्टन शहराने २०१४ मध्ये १० लाख डॉलरचा निधी कशावर खर्च करायचा, हे ठरवण्याचा अधिकार १२ ते २५ या वयोगटाला दिला. मुलांनी कल्पना गोळा केल्या, शहराच्या कर्मचाऱ्यांबरोबर बसून खर्चाचे प्रस्ताव तयार केले आणि मग मतदान घेतले. बार्सिलोनाने २०१६ मध्ये सुरू केलेले ‘डेसिदिम’ हे व्यासपीठ मुक्त स्रोत असल्यामुळे अशी प्रक्रिया ऑनलाइन चालवणे आता लहान शहरांच्या आणि संस्थांच्याही आवाक्यात आले आहे. कातालान भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘आम्ही ठरवतो’ असा आहे.

एखाद्या कार्यालयाने युवा प्रतिनिधी मागितले, तर आम्ही तीन गोष्टी विचारतो. विषयपत्रिका किती दिवस आधी मिळेल, प्रतिनिधींचे म्हणणे इतिवृत्तात येईल का, आणि ते अमान्य झाल्यास कारण लेखी कळेल का. तिन्हींना होकार नसेल, तर आम्ही प्रतिनिधी पाठवत नाही. यामुळे काही निमंत्रणे हुकतात, याची आम्हाला कल्पना आहे.

बनावट खाती आणि खोट्या तक्रारी कशा रोखता?

एका संपर्क क्रमांकावर एकच खाते उघडता येते, एकाच मजकुराच्या अनेक नोंदी आपोआप वेगळ्या काढल्या जातात आणि कार्यालयाकडे जाण्यापूर्वी प्रत्येक नोंद माणूस वाचतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर आम्ही भाषांतराचा मसुदा करण्यासाठी आणि सारख्या नोंदी जुळवण्यासाठी करतो. तक्रार खरी की खोटी हा निर्णय तिच्यावर सोपवत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निवेदन लिहून घेण्यास मनाई नाही, परंतु अधिकारी एकसारख्या वाक्यांची शंभर पत्रे एकच पत्र म्हणून मोजतात, आणि स्वतः पाहून स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या चार ओळी त्यांना थांबून विचार करायला लावतात.

संस्थेचा खर्च कसा चालतो?

वैयक्तिक देणग्या आणि प्रतिष्ठानांचे अनुदान यांवर. सदस्यत्वासाठी शुल्क नाही, जाहिराती नाहीत, आणि लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी प्रसिद्ध होतो.

तुमचे काम यशस्वी झाले, हे कसे ठरवता?

ॲप किती जणांनी घेतले, हा आकडा आम्ही देणगीदारांना कळवतो, पण निर्णय घेताना वापरत नाही. आमच्या मासिक बैठकीत तीनच गोष्टी पाहिल्या जातात : किती नोंदींना कारणांसह उत्तर मिळाले, ते मिळायला किती दिवस लागले, आणि उत्तर मिळालेल्यांपैकी किती जण पुन्हा आले. उत्तर नकारार्थी असले तरी ते उत्तर म्हणूनच धरतो. ‘निधी नाही, पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात मागणी केली आहे’ असे सांगणारे कार्यालय गप्प बसणाऱ्या कार्यालयापेक्षा कितीतरी चांगले, आणि तरुणांनाही हा फरक बरोबर कळतो.

आम्ही प्रशासनात काम करतो. आमच्यावर तक्रारींचा भार वाढणार नाही का?

सुरुवातीला थोडा वाढतो. नंतर तो बहुधा घटतो, कारण एकाच प्रश्नाच्या विखुरलेल्या तक्रारी एकत्र होऊन, जागा, मोजमाप आणि छायाचित्र यांसह येतात. अधिकाऱ्यांना आमची एकच विनंती असते : प्रत्येक खात्याने उत्तर देणारी एक व्यक्ती नेमावी आणि उत्तर पंधरा वर्षांच्या मुलाला समजेल अशा भाषेत द्यावे. ‘प्रकरण संबंधितांकडे वर्ग करण्यात आले आहे’ या वाक्यातील ‘संबंधित’ कोण, एवढे जरी लिहिले तरी अर्धे काम होते.

शिक्षकांना सहभागी होता येईल का?

होय. वर्गात वापरण्यासाठी पाच तासिकांचा पाठ तयार आहे, ज्यात विद्यार्थी एका प्रश्नाची पाहणी करून निवेदनाचा मसुदा तयार करतात. गुण मसुद्याला द्यावेत, परिणामाला देऊ नयेत, एवढे सांभाळावे.

संस्था बंद पडली तर आमच्या नोंदींचे काय होईल?

चांगल्या हेतूने सुरू झालेले कितीतरी नागरी उपक्रम निधी संपताच बंद पडतात आणि त्यांच्याबरोबर लोकांनी मेहनतीने गोळा केलेली माहितीही नाहीशी होते. हे टाळण्यासाठी आम्ही आमची संपूर्ण संगणकीय संहिता मुक्त परवान्याखाली खुली ठेवली आहे आणि निनावी नोंदी दर तीन महिन्यांनी कोणालाही उतरवून घेता येतील अशा साध्या तक्त्याच्या स्वरूपात प्रसिद्ध करतो. काम थांबवण्याची वेळ आलीच, तर किमान सहा महिने आधी सर्व सदस्यांना कळवले जाईल, वैयक्तिक माहिती नष्ट केली जाईल आणि उत्तराच्या प्रतीक्षेत असलेली प्रत्येक नोंद, तिच्या पत्रव्यवहारासह, ती करणाऱ्या सदस्याच्या हाती दिली जाईल, म्हणजे पुढचे स्मरणपत्र त्याला स्वतःच्या नावाने पाठवता येईल.